हलका हात

"लागते काय, आई?"

"नाही. हात हलका हाय तुहा."

बोलून गेल्यावर मैनाबाईच्या लक्षात आलं, की मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि सुनेला आपण म्हटलेलं हे पहिलंच चांगलं वाक्य... रागिणी खाली मान घालून तिच्या पोटरीत दुसरी सुई बसवत होती. तिचे कान लाल झाले होते.

नवरा गेल्यावर मैनाबाईनं मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून, अमरावतीच्या बाजारात बसून विकून किशोरला वाढवलं, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नोकरी लागेपर्यंत शिकवलं. आणि त्याच किशोरनं अकोटची रागिणी स्वतःच पसंत केली, आईला नंतर सांगितलं. लग्नात सून पाया पडायला वाकली तेव्हा मैनाबाईनं पाय लुगड्यात ओढून घेतले. सगळ्या मांडवानं पाहिलं. तेव्हापासून एका घरात दोन स्वयंपाक.

मग पाय दुखायला लागले. चाललं की पोटऱ्या भरून येत, उभं राहिलं की सुटत. डॉक्टरनं सांगितलं, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात तपासून घ्या.

रागिणी अ‍ॅक्युपंक्चर शिकली होती. पुढच्या खोलीत खाट टाकून लोकांच्या माना, कंबरा बघायची.

"आधी अकोल्याले जाऊ, आई," ती म्हणाली होती. "बंद झालेली नस माह्या सुईनं उघडत नाही. दुखणं हलकं झालं तं झालं, तेवढंच."

"घरात डॉक्टर असतांना अकोल्याले काहून जाऊ? तू टोच."

रागिणीनं नाही म्हणायला हवं होतं. पण सासू 'घरात' म्हणाली होती... त्या एका शब्दापाशी तिचं शिक्षण थांबलं.

*

बाजारात:

"माह्या सुनेचा हात असा हलका, सुई टोचली तं समजत नाही."

"मले बी घेऊन चाल मंग," शेजारी वांगी विकणारी आशाबाई म्हणाली. "माही सून भाकर थापते तं बडनेऱ्यापर्यंत आवाज जाते."

आणि आशाबाई खरंच आली, गुडघा घेऊन. रागिणीनं पहिली सुई लावली.

"अवो, लागते नं!"

"थोडंसं लागनच, मावशी. लागलं पाहिजे."

मैनाबाई दाराशी सांभार निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

लागलं पाहिजे.

आशाबाई गेल्यावर ती मागच्या अंगणात गेली, डाव्या पायाचा अंगठा नखानं दाबला. आणखी जोरात दाबला. दुसऱ्या कुणाचा अंगठा दाबावा तसं वाटलं... सुनेचा हात हलका नव्हता. पाय मेला होता.

*

दुसऱ्या दिवशी.

तोंडानं: नाही लागत. बरं वाटून राहिलं.

मनात: सांगितलं तर ही सुया उचलून ठेवेल. मला अकोल्याला नेतील. आणि ज्या कौतुकानं हिचे कान लाल होतात ते माझं कौतुकच खोटं ठरेल. आजवर हिला दुसरं काय दिलं मी?

तोंडानं: मोजा राहू दे, बाई. थंडी वाजते. पोटरीतच लाव.

मनात: हिच्या हाताची ऊब गुडघ्यापर्यंत समजते, त्याच्या खाली नाही. पण दिसते तर. हात दिसतो.

*

पाय बर्फासारखे पडत. एका संध्याकाळी ती चुलीशी पाय लांब करून बसली. वास आला तेव्हा तिला वाटलं, भाकर जळाली. भाकर तव्यावर नव्हतीच. अंगठ्यावर पांढरा फोड उठला होता, आणि तिला काहीच... तिनं त्याला हळद लावली आणि वरून मोजा चढवला.

मग फोड फुटला. अंगठा निळा झाला, मग काळा.

वास किशोरलाच आला. रविवारी तो घरी होता. त्यानं आईचा पाय मांडीवर घेतला, मोजा ओढून काढला.

*

अकोल्याच्या डॉक्टरनं फार वेळ घेतला नाही. गुडघ्याखाली काढावा लागेल. विष वर चढतंय.

"तुह्या सुयांनी केलं हे," दवाखान्याच्या व्हरांड्यात किशोर बायकोला म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते अधिक लागलं. "दोन वर्षं तिनं तुले जवळ केलं नाही. आता केलं, तं हे."

 रागिणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभी होती.

"किशोर." स्ट्रेचरवरून मैनाबाई. "सुईनं नाही झालं. मी चुलीत भाजला पाय."

"तुले समजलं नाही?"

"नाही समजलं. तेच तं. आणि समजत नाही हे मले समजलं होतं, बापा. मी तिले सांगतलं नाही."

"काहून?"

 सुनेसमोर, मुलासमोर तिनं हे कसं सांगावं, की या उतारवयात कुणी रोज पायाशी येऊन बसतं, विचारतं, थांबतं... त्या एवढ्याशासाठी.

"तरी मी पाहायले पाहिजे होतं," रागिणी म्हणाली. "मोजा काढून पाहायले पाहिजे होतं. तुमी हात हलका म्हणत होत्या... मले ते ऐकाचं होतं."

स्ट्रेचर आत गेलं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मैनाबाई पूर्ण शुद्धीवर आली. चादर डावीकडे मध्येच सपाट झालेली. किशोर औषधं आणायला गेला होता. रागिणी बाजूच्या स्टुलावर.

मैनाबाईच्या कपाळावर घाम होता. ओठ दाबून ती पडली होती.

"काय होते, आई?"

"काही ना—" ती थांबली. डोळे मिटले. "दुखते. लय दुखते, रागिणी."

"कुठं?"

"पायात. अंगठ्यात."

"कोणत्या?"

मैनाबाईनं चादरीच्या डावीकडच्या सपाट भागाकडे पाहिलं.  पाय काढल्यावरही असं दुखतं, हे रागिणी पुस्तकात शिकली होती... तिनं ते सांगितलं नाही. नर्सला सांगून येते म्हणाली, आणि सांगून परत आली. मग चादरीच्या त्या सपाट भागावर तिनं हात ठेवला.

"इथं?"

"खाली."

हात सरकला.

"इथं?"

"आनखी खाली, बाई... हो. तिथंच."

किशोर औषधांची पिशवी घेऊन दारात आला, आणि आत यायचं सोडून तिथंच उभा राहिला.