मेणकागद

तो मोबाइल आधी उलटा ठेव. उजेड नको. आणि मधेमधे "काका, खरंच?" असं विचारायचं नाही. थापाच मारायच्या असत्या तर मी एव्हाना झोपायला गेलो असतो.

माझा एक मित्र आहे. आम्ही त्याला डिंक्या म्हणतो, कारण एकदा घरी येऊन बसला की उठत नाही. धंदाही नावाला शोभेल असाच: चामड्याच्या वह्या हाताने बांधायच्या आणि दर रविवारी नवशिक्यांचा वर्ग घ्यायचा. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एकच खोली. एक दार, गज लावलेली एक खिडकी, मधोमध लांब टेबल आणि कोपऱ्यात लोखंडी प्रेस. वरचं चाक फिरवलं की तिची फळी खाली येते आणि वह्या दाबून धरते.

हात सोन्याचे, पण जीभ तिखट. त्याच्या पहिल्या वर्गात एक निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. हाताला लागेल त्या कागदाचे कोपरे त्या कात्रीने गोल करायच्या. "चिकटपट्टीचे कोपरे गोल कापले की ती उचकटत नाही हो, सवयच लागलीय," म्हणायच्या. डिंक्या वैतागायचा. "सिस्टर, ही वही आहे, जखम नाही."

आता वहीला आतून कव्हर चिकटवलं की मधे मेणकागद घालायचा असतो, नाहीतर ओली खळ पानांत उतरते. सिस्टर नेमक्या तो घालायला विसरल्या, त्यात खळही पातळ झालेली. रात्रभर प्रेसमध्ये राहून सकाळी वहीची वीट झाली. एक पान सुटेना. डिंक्याने ती सगळ्यांसमोर टेबलावर आपटून दाखवली. वर्ग हसला. सिस्टर म्हणाल्या, "द्या मला. घरी बसून सावकाश सोडवीन." हा म्हणाला, "राहू दे की, नमुना म्हणून दाखवायला बरी आहे."

पुढे दोन-तीनदा त्यांनी मागितली. याने टाळलं. मला त्याचा तेव्हाही राग आला होता, आणि मी तसं बोललोही होतो. मग सिस्टर यायच्या बंद झाल्या आणि वर्षभरात गेल्या. वही मात्र याच्याकडेच, भिंतीवरच्या फळीवर राहिली. दर नवीन वर्गाला ती टेबलावर आपटली जायची.

सतरा नोव्हेंबर, रविवार. त्या दिवशीही आपटली. वर्ग हसला. आणि त्याच दिवशी नेमका मेणकागद संपला. याने साधे कागद घालून आठ जणांच्या वह्या प्रेसमध्ये लावल्या. म्हणाला, संध्याकाळी काढून घेऊ. आणि विसरला. जेवून आडवा झाला तेव्हा आठवलं, की सकाळपर्यंत आठ विटा होणार. तसाच उठून स्कूटर काढली. पावणेअकरा वाजले होते. मोबाइल घरी चार्जिंगला. दम्याचा पंप स्कूटरच्या डिकीत, तो तिथेच राहिला. पाच मिनिटांचं तर काम.

आत जाऊन त्याने दिवा लावला. मागे दार आपोआप लोटलं गेलं. प्रेसच्या चाकाला हात घातला, तर चाक हलेना.

तेवढ्यात वास आला. ताज्या खळीचा.

वळून बघितलं. दाराच्या चारही कडांना खळ लागलेली. पांढरी, ओली. ब्रशने नीट ओढलेली. आतल्या बाजूने.

आणि खोलीत तो एकटा.

दार ओढलं. हललं नाही. घड्या घालायची हाडाची पट्टी असते ना, ती त्याने फटीत सारली. ती तिथेच रुतून बसली. खिडकी ढकलली. तीही चिकटलेली. हाका मारल्या. बाहेर सगळी दुकानं बंद, ऐकणार कोण? छाती शिट्टी वाजवायला लागली. पंप दाराच्या पलीकडे, दहा पावलांवर...

मागे धप्प आवाज झाला.

वही. टेबलावर. तो आपटायचा ना, तश्शीच.

तो हलला नाही. मग पाठीवर हात पडला. थंड. आणि कानाशी...

"सावकाश."

...

तो खुर्चीत बसला. दुसरी पट्टी उचलली. वहीच्या कडेला लावली. इतक्या वर्षांनी आतली खळ ओली होती. एक पान सुटलं. एक श्वास मिळाला. दुसरं पान. दुसरा श्वास. मग त्याने घाई केली. पान टरकन फाटलं. श्वास अडकला. डोळ्यांपुढे काळोख.

"सावकाश."

पान... श्वास. पान... श्वास. किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. पाठीवरचा हात तसाच होता.

शेवटचं पान सुटलं. दार कुरकुरलं.

वही उराशी धरून तो बाहेर पळाला. प्रेसमधल्या वह्या आठवल्यासुद्धा नाहीत.

सकाळी तो सिस्टरांच्या मुलीकडे गेला. वही तिच्या हातात दिली आणि दारातच रडला. मग माझ्याकडे आला. खोलीत एकटा पाऊल टाकायला तयार नव्हता, म्हणून मी सोबत गेलो. दाराला खळीचा टिपूस नव्हता. मीच प्रेसचं चाक फिरवलं, एका बोटाने फिरलं. म्हटलं, आता आठ विटा बघा. पहिली वही उचलली. उघडली की. दुसरीही उघडली. आठही उघडल्या. प्रत्येकीत मेणकागद घातलेला होता, मापात कापून.

त्याने त्यातला एक मेणकागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "तू ठेव. माझ्याच्याने नाही ठेवता येणार."

हा बघ तो. नाही, उजेड नको. नुसता कोपऱ्यावरून बोट फिरव... चारही कोपऱ्यांवरून...

सावकाश.