पापणीचा भार

कुसुम लोखंडे यांच्या डाव्या पापणीची चौदा महिन्यांची नोंद पडद्यावर उलगडली आणि डॉ. वैजयंती धुपकरांनी खुर्ची पुढे ओढली. मिरजेच्या त्या नेत्रयंत्र प्रयोगशाळेत सकाळचे नऊ वाजले होते. रस्त्यापलीकडच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, त्याच कुसुमताई आदल्या दिवसापासून व्हेंटिलेटरवर होत्या. छातीचे स्नायू श्वास ओढायचे थांबले होते. का, ते अजून कुणी सांगितले नव्हते.

"ही निळी रेघ त्यांच्या स्वतःच्या स्नायूची," नसीमा काझी म्हणाली. पडती पापणी उचलून धरणाऱ्या पापणतंतूचा मेंदू, म्हणजे त्याची सगळी नियंत्रणप्रणाली, तिने लिहिली होती. "आणि लाल रेघ तंतूची. आता सुरुवातीचा एक दिवस बघा, मॅडम. सकाळी तंतूचा वाटा तीस टक्के. दुपारी साठ. संध्याकाळी नव्वद. रात्री झोपल्या की दुसऱ्या सकाळी पुन्हा तीस. रोज असाच चढउतार."

वैजयंतींनी रेघांवरून एकदाच नजर फिरवली. दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

"वापरला की थकतो, विसावला की सावरतो," त्या हळूच म्हणाल्या. "स्नायुक्लांती. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही असा आजार. अगं, हे तर आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकतो. पहिली पडते ती पापणी. मग आवाज, मग गिळणं, आणि शेवटी श्वास. कधीपासून आहे हे?"

"बसवला त्या दिवसापासून."

चौदा महिन्यांपूर्वी कुसुमताई पलूसहून आल्या होत्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका, आणि पंचवीस वर्षे कबड्डीच्या पंच. दोन्ही पापण्या खाली उतरलेल्या. हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून समोरच्याकडे बघायची सवय लागलेली. "मैदानावर पोरं वरडत्यात, पंच झोपल्यात म्हणून," त्यांनी सांगितले होते. "चढाई करणारा रेषेला शिवला का न्हाई ते मला दिसतंय ओ, पर माझ्या तोंडाकडं बघून कुणाचा इस्वास बसंना."

वैजयंतींनी त्यांना पापणतंतू समजावून सांगितला होता, शेकडो लोकांना सांगितला होता तसाच. पापणी वर धरणारा स्नायू वयाने, ताणाने किंवा आणखी कशाने ढिला पडतो. त्याच्या जोडीला केसाहून बारीक असा आखूड होणारा धागा बसवायचा. पापणी किती वर आहे ते धागा दर क्षणी मोजतो, आणि स्नायूचा जोर जिथे संपतो तिथून पुढचा भार स्वतः उचलतो. जेवढे उणे, तेवढे भरणे, एवढाच त्याचा नियम. उघडझाप नेहमीसारखी, झोपेत पापणी मिटलेली, आणि जाग आली की दोन्ही डोळे टक्क.

कुसुमताईंची पापणी का पडली, हे वैजयंतींनी विचारले नव्हते. पूर्वी त्या प्रत्येकाला विचारायच्या: सकाळी बरी असते का? संध्याकाळी जास्त पडते का? दोन मिनिटे छताकडे बघायला लावायच्या, पापणी थकून खाली येते का ते पाहायच्या. तंतू आल्यापासून ते मागे पडले. कारण कुठलेही असो, तंतू सगळ्यांना चालत होता. आणि बाहेर रांग असायची.

दुसरी गोष्ट त्यांना आठवली तेव्हा त्यांनी नसीमाकडे बघायचे टाळले. चार वर्षांपूर्वी नसीमानेच सुचवले होते की तंतूचा वाटा फार वाढला, तर रुग्णाच्या फोनवर सूचना जावी. भरल्या बैठकीत वैजयंती म्हणाल्या होत्या, "चष्मा रोज सकाळी सांगतो का गं, तुझी नजर किती अधू आहे ते? माणसाला पापणी विसरता आली पाहिजे." सगळे हसले होते. ते वाक्य पुढे माहितीपत्रकावर छापले गेले. नसीमाने आज त्याचा उल्लेखही केला नाही. तो केला असता तर बरे, असे वैजयंतींना वाटले.

त्या उठल्या, रस्ता ओलांडला आणि अतिदक्षता विभागात जाऊन निदान सांगितले. उपचार तासाभरात सुरू झाले.

बाहेर बाकावर कुसुमताईंचे यजमान महादेवराव बसले होते. "सहा महिनं झालं, सांजच्याला तिचा आवाज नाकात यायचा," ते म्हणाले. "जेवताना ठसका लागायचा. आमच्या तिथल्या डॉक्टरला सौंशय आला हुता, बरं का. शाना माणूस. त्यानं बॅटरी मारून पापण्या बघितल्या. म्हनला, तो आजार असता तर पापनी पडली असती. हिचं डोळं तर चांगलं हाईत. मग गेल्या आठवड्यात लघवीला जळजळ हुती, म्हून गोळ्या दिल्या त्यानं."

त्या गोळ्यांचे नाव वैजयंतींनी विचारले. स्नायुक्लांतीच्या रुग्णाला जे प्रतिजैविक कधीही देऊ नये, नेमके तेच होते. पलूसच्या डॉक्टरची त्यात चूक नव्हती. त्याने बघायला हवे तिथेच बघितले होते. तिथे वैजयंतींनी आधीच डागडुजी करून ठेवली होती.

"तुम्ही लवकर वळखलं म्हनून," महादेवराव हात जोडून म्हणाले.

 मान हलवून वैजयंती जिना उतरल्या, आणि हे हात जोडणे आपण स्वीकारले, ही बोच घेऊनच प्रयोगशाळेत परतल्या.

"नसीमा, असे आणखी किती?"

आजवर सहा हजार एकशे बारा जणांना तंतू बसवला होता. सकाळ-संध्याकाळचा असा चढउतार कुणाकुणाच्या नोंदीत आहे, ते शोधायला यंत्राला चार मिनिटे पुरली. चार वर्षांत ती चार मिनिटे कुणी दिली नव्हती. कुसुमताई सोडून सदतीस नावे आली.

ते फोन वैजयंतींनी स्वतः केले. "मी तुमचा पापणतंतू बसवणारी डॉक्टर बोलतेय. गिळताना त्रास होतो का? संध्याकाळी बोलताना थकायला होतं?" कुणी घाबरले, कुणी चिडले. परभणीच्या एका बाई म्हणाल्या, "होतं ना. वय झालं, असं म्हणत होते मी." नांदगावच्या एका घरी मुलाने फोन उचलला. वडील दोन महिन्यांपूर्वी गेले होते, झोपेतच. श्वास थांबला, इतकेच घरच्यांना ठाऊक होते. वैजयंतींनी त्याला सगळे सांगितले. त्याने विचारले, "आता हे मी आईला सांगू का?"

उरलेल्या छत्तीसांपैकी एकोणतीस जणांना आजार निघाला. सगळ्यांवर वेळेत उपचार सुरू झाले.

अकराव्या दिवशी कुसुमताईंची नळी काढली. उपचार लागू पडतात की नाही हे पापणीवरून कळावे, म्हणून त्यांचे दोन्ही तंतू बंद ठेवले होते. वैजयंती भेटायला गेल्या तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, एक पापणी बोटाने वर धरून.

"कुसुमताई, तुमचा आजार पहिल्या दिवसापासून आमच्या यंत्राला दिसत होता. बघायचं आम्ही ठेवलंच नव्हतं. तशी सूचना असावी असं आमची इंजिनिअर म्हणत होती. मी नको म्हटलं. पापणी पडती राहिली असती तर तुम्ही इथवर आला नसता."

कुसुमताईंनी पापणी सोडली. ती खाली आली. डोळा मिटल्यासारखा झाला तरी त्या ऐकत होत्या.

"मालकांस्नी म्हाईत हाय?"

"काल सांगितलं."

"म्हनूनच आज त्यांनी तुमचं नाव काढलं न्हाई." घसा दुखत असल्याने त्या सावकाश बोलत होत्या. "मॅडम, माझ्या हातनं बी चुकीचं निकाल गेल्यात. सामना संपल्यावर कळायचं. खेळाडू येऊन म्हनायचा, जाऊ द्या बाई. ते जाऊ द्या ऐकलं की मला ज्येवन जायाचं न्हाई. तवा मी तुम्हास्नी जाऊ द्या म्हननार न्हाई."

"नका म्हणू."

"पुढं काय करनार ते सांगा."

पुढे काय करायचे ते वैजयंतींनी ठरवले होते. पापणतंतूने रोज संध्याकाळी वीस मिनिटे काम थांबवायचे. त्याला त्यांनी नाव दिले सांजविसावा. त्या वेळात ज्याची त्याची पापणी जशी आहे तशी दिसेल; घरच्यांना दिसेल, डॉक्टरांना दिसेल. लक्षण म्हणजे शरीराने धाडलेली चिठ्ठी. ती दिवसभर झाकली तरी एकदा उघडून वाचायला हवी. चार महिने खपून नसीमाने प्रणालीत तो बदल केला.

पहिल्या चाचणीला चाळीस जण बोलावले. सगळे निरोगी, सकाळ-संध्याकाळच्या वाट्यात काहीच फरक नसलेले, तंतू बसवून तीन-चार वर्षे झालेले. वेळ संध्याकाळी पाचची. डोळ्यांवर थेट ऊन नको म्हणून सभागृहाचे पडदे ओढून घेतले होते, वर दिवे लावले होते. कुसुमताईंनाही आग्रहाने बोलावले होते. त्यांचे तंतू अजून बंदच होते. चार महिन्यांत औषधांनी आणि रोजच्या वापराने त्यांच्या पापण्या अर्ध्याहून वर येऊ लागल्या होत्या. पडलेली पापणी काय सांगते, ते त्या लोकांना सांगणार होत्या.

वैजयंतींनी सगळा प्रकार समजावला. "शस्त्रक्रियेच्या आधी होती तेवढीच पापणी खाली येईल. घाबरू नका. समोर बघत राहा."

पाच वाजता नसीमाने कळ दाबली.

सभागृह शांत होते. मग तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "दिवे गेले का हो?"

"गेलेच," शेजारच्या बाई म्हणाल्या. "अहो, कुणीतरी बघा ना."

"जनरेटर नाही का इथे?"

वैजयंतींनी वर पाहिले. सगळे दिवे लागलेले होते. समोर चाळीस माणसे ताठ बसली होती, चेहरे त्यांच्याकडे, आणि चाळीसही जणांचे डोळे पूर्ण मिटलेले.

"मॅडम," कुसुमताई कडेच्या खुर्चीवरून उठल्या. "ह्यांचं डोळं झाकल्यात. ह्यांना ठावं न्हाई."

नसीमाने नोंदी पडद्यावर घेतल्या होत्या. ती जवळ येऊन खालच्या आवाजात बोलू लागली. "चढउतार नाहीच यांच्यात. सकाळी अठ्ठ्याण्णव, संध्याकाळी अठ्ठ्याण्णव. आपण फरक शोधत होतो, मॅडम. आकडा बघितलाच नाही. सुरुवातीला हाच वाटा पस्तीस होता. महिन्याला दीड टक्का असा वाढत गेलाय. सगळ्यांचा."

वैजयंतींना ते एका क्षणात कळले, आणि चार वर्षे का कळले नाही हेही. जेवढे उणे तेवढे तंतू भरणार. मग मेंदूला थोड्या जोरात काम भागते. तो जोर थोडा कमी करतो. स्नायू थोडा सुस्तावतो. उणे थोडे वाढते. तंतू तेही भरतो. बादली उचलायला रोज कुणी हात लावू लागले की आपला हात नकळत सैल पडतो, तसे. आजाराची गरजच नव्हती. त्यांनी सहा हजार माणसांच्या पापण्या वर उचलल्या होत्या आणि त्या उघडायच्या कशा, हे त्यांना विसरायला लावले होते. आता डोळा उघडा आहे की मिटलेला, हेही त्यांना आतून कळत नव्हते.

"चालू करू का?" नसीमाचे बोट कळेवर होते. "मॅडम, लगेच चालू होतील."

कळ दाबली तर डोळे उघडतील. दिवे आले, असे म्हणून माणसे हसतील, चहा पितील, घरी जातील. मनातल्या मनात ते वाक्य तयारही झाले होते: लाइन गेली होती, माफ करा. वैजयंतींना त्या वाक्याची शरम वाटली. त्याहून जास्त शरम याची वाटली की ते किती सहज सुचले.

"थांब," त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

"ऐका. दिवे गेलेले नाहीत. तुमचे डोळे मिटलेले आहेत. हात लावून बघा."

ऐंशी हात हळूहळू वर गेले. कुणीतरी "अगं आई गं" म्हणाले. एक खुर्ची पडली.

"तुमचे स्नायू काम करायचे थांबलेत. तुमच्या कुणाच्या चुकीनं नाही. मी तुम्हाला जे बसवलं, त्यानं. हे मला आज, तुमच्याबरोबरच कळलं. पण मी आधी बघितलं असतं तर दिसलं असतं. तेवढं साधं होतं ते. तंतूचा जोर आता थोडा थोडा, महिन्यामहिन्यानं उतरवावा लागेल. स्नायू परत येतील असं मला वाटतं. खात्री नाही, आणि खोटी खात्री मी देणार नाही."

"आधी डोळे उघडा आमचे!" मागून कुणी ओरडले.

"उघडते. पण ऐका, त्याआधी—"

तेवढ्यात कुसुमताई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाचशे मुलांपुढे बोलायची सवय असलेला त्यांचा आवाज अजून पुरता भरला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "मी कुसुम लोखंडे. माझं बी चार म्हैनं बंद हाय. पयल्या दिवशी कायच हललं न्हाई. आज तुम्ही मला दिसताय. चला, सगळ्यांनी मान सरळ. नुसतं डोळ्यानं वर बघायचं. लावा जोर. एक… दोन…"

चाळीस कपाळांवर आठ्या पडल्या. भुवया थरथरल्या. वैजयंती रांगारांगांतून फिरल्या, प्रत्येकाच्या पापणीजवळ वाकून पाहत. वीस मिनिटे संपेपर्यंत एकही पापणी केसभरसुद्धा हलली नाही.

मग त्या परत समोर येऊन उभ्या राहिल्या आणि नसीमाला खूण केली. चाळीस जणांचे डोळे एकदम उघडले. आता ते सगळे त्यांच्याकडे बघत होते. वैजयंतींनी मान खाली घातली नाही.