एरिकचा कंदील

डेल्फिनबाईंचा कंदील चोरीला गेला आणि घराची किल्ली सांभाळणाऱ्या सुगंधाला पोलिसांच्या जीपमध्ये बसवायची तयारी झाली. सगळं पाली गाव बघायला जमलं होतं.

फौजदार उर्मिला शेलारला मात्र काही पटेना. समुद्राकडच्या खिडकीतला कंदील गेला, पण शेजारच्या टेबलावरचं सोन्याचं घड्याळ तसंच. गल्लीकडच्या खिडकीतला पितळी कंदीलही जागच्या जागी. सोनं सोडून रॉकेलचा जुना कंदील नेणारा चोर तिने अजून पाहिला नव्हता.

"कंदील कुणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा, एरिकचा. लिंडालच्या स्टेशनवर तो गाड्यांना हाच दाखवायचा," डेल्फिन म्हणाली. "अमेरिकेतल्या माळरानावरचं एवढंसं रेल्वेचं गाव. सगळे मूळचे स्वीडनचे. डिसेंबरात प्रत्येक खिडकीत दिवा, ही त्यांची रीत. एरिक गेला, मी इकडे परतले, पण दिवा सोडला नाही."

"मी न्हाय नेला, बाय," सुगंधा रडत म्हणाली.

"घरात आणखी कोण येतं?"

"माझा भाऊ वॉल्टर. तो कशाला नेईल?" डेल्फिन म्हणाली.

वॉल्टर दारातच उभा होता. नजर वर करेना. खिडकीतून किनाऱ्यावर ओढलेली त्याची होडी दिसत होती.

"ऐन हंगामात तुमची होडी किनाऱ्यावर कशी?"

"रंग द्यायचा हाय."

उर्मिला किनाऱ्यावर जाऊन आली. रंगाचा पत्ता नव्हता. होडीच्या पुढच्या टोकाला मात्र कोरी फळी ठोकलेली. जवळच वॉल्टरची बायको टेरेझा जाळं शिवत होती.

"अंधारात होडी काय बघून आत घेता?"

"किनाऱ्यावरच्या क्रूसाचा दिवा. परवा लाइट गेली, तवा..." टेरेझाने मान खाली घालून जाळं जवळ ओढलं.

उर्मिला परतली ती सरळ वॉल्टरसमोर.

"चोराला कंदील नकोच होता. समुद्रावर पडणारा उजेड नको होता, म्हणून गल्लीकडचा राहिला. परवा वीज गेली, क्रूसाचा दिवा विझला. समुद्रातून एकच दिवा दिसत होता, या खिडकीतला. तुम्ही त्यालाच क्रूस समजलात आणि होडी खिडकीखालच्या खडकांवर घातलीत. कंदील कुठाय?"

वॉल्टरने घरून सुक्या बोंबलांची टोपली आणली आणि तिच्यातून कंदील काढला.

"माजा पोर होता होडीत. थोडक्यात वाचलो. पन हिला सांगू कसा? तुज्या एरिकच्या दिव्यानं आमी मरत होतो, असा?"

"आणि सुगंधाला नेत होतो, तेव्हाही गप्प?" उर्मिला भडकली.

डेल्फिनला रडू आवरेना. कंदील तिने पदराने पुसला.

"क्रूसाखाली टांग. वीज गेली तरी जळत राहील."

वॉल्टरने हात पुढे केला. त्याच्याआधी सुगंधाने कंदील उचलला.

"मी टांगते. गावातनं नेते. सगल्यांना बघू दे, माज्या हातात."

तिला कुणी अडवलं नाही.