माजघरातली चूल

“मीच पेटवली चूल! मीच!” धुरानं काळ्या पडलेल्या दारात मथुराबाईनं छाती बडवली, आणि मागं उभ्या असलेल्या दीपाचा हात असा दाबला की पोरीच्या ओठांवर आलेलं सत्य तिथंच विरलं...

त्या साली भाव इतका पडला होता, की कापूस पाहुण्यासारखा घरात आला आणि जावयासारखा मुक्कामी राहिला. मातीच्या त्या घरात माजघर त्याचं, माणसं ओसरीवर. रीत एकच : कापूस घरात तोवर चूल अंगणात. पण पुसदला गॅसवर वाढलेल्या नव्या नवरीला, दीपाला, ही रीत सांगायची सगळ्यांचीच राहून गेली, आणि तिनं कडाक्याच्या थंडीत आतच आंघोळीचं पाणी तापवलं! एक ठिणगी उडाली आणि सालभराचा कापूस राख झाला.

दीपाचा नवरा नागोराव हा मथुराबाईचा दीर. विधवा झाल्यावरही माहेरी न जाता तिनं त्या आईवेगळ्या पोराला वाढवलं होतं. त्याचा संताप तिला तोंडपाठ होता. दीपाला तो उभ्या पावली माहेरी धाडील... म्हणून!

“आजपासून माह्या घरात पाय ठेवजो नको!” तो गरजला.

तिनं ठेवला नाही. तीन वर्षं ती गोठ्यात राहिली. बैल बोलत नसत, पण पाठही फिरवत नसत.

चौथ्या हिवाळ्यात खोकल्यानं तिला पार खिळवलं, तेव्हा दीपाला राहवेना. गोठ्यातच ती नवऱ्याच्या पायाशी कोसळली. “चूल मी पेटवली होती हो! बाईनं माह्यासाठी...”

“खरं हाय, वयनी?”

“खोटं बोलते थे. शहरातली पोर, तिले कायची चूल पेटते!”

नागोरावाचा बांध फुटला. “वयनी... माय! काहून सांगतलं नाही मले?”

“तू कुठं इचारलं, नागू? तू तं सरळ निकालच देल्ला.”

“चाल घरात.”

“तूच म्हणलं होतं, पाय ठेवजो नको...”

“नको ठेवू. मी उचलून नेतो!”

एवढीशी उरली होती ती! कापूस विकून मोकळ्या झालेल्या माजघरात तिला निजवून दीपानं चूल पेटवली, चहा टाकला. भिंतीवर उजेड हलला. मथुराबाई तो डोळे भरून पाहत राहिली... पाहतच राहिली.

दीपाच्या ते ध्यानात आलं. तिनं तोंडात पदर कोंबला.

तिकडे नागोराव, वयनीची जीभ पोळू नये म्हणून, बशीतल्या चहावर अजून फुंकर घालीत होता.