लाप्तेवची जागा

निवृत्त कॅप्टन वेनेदिक्त ल्वोविच शेमाखिन रणांगण पायाखाली घातल्याशिवाय एकही लढाई कागदावर उतरवत नसे. बाकीचे इतिहासकार पीटर्सबर्गात शेगडीजवळ बसून लिहीत. हा गडी मात्र गुडघा ठणकत असताना चिखल तुडवत हिंडायचा. त्याच्या तीन पुस्तकांतली एक ओळही अजून कुणाला खोटी ठरवता आली नव्हती, आणि चहाचा दुसरा पेला हातात आला की ही गोष्ट तो हमखास ऐकवायचा. बायको ग्लाफिरा तेवढ्यात उठून जायची.

शताब्दीसाठी पलटणीचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा स्वारी जमिनीवरून चार बोटं वर चालत होती. का नाही चालणार? उमेदीची सगळी वर्षं याच पलटणीत गेली होती.

या पलटणीची एक रीत होती. पहिल्या कंपनीच्या पुढच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी सोडत. सकाळच्या हजेरीला पहिलं नाव पुकारलं जाई, "शिपाई सिदोर लाप्तेव!" आणि शेजारचा गडी उत्तर देई, "पलटणीच्या इज्जतीसाठी पुलावर पडला!" फ्रेंच चाल करून आले तेव्हा याने एकट्याने पूल रोखून धरला होता म्हणे. तरुणपणी वेनेदिक्तने ती हजेरी रोज ऐकली होती, आणि रोज त्याचा ऊर भरून आला होता.

शरद ऋतूत तो त्या पुलाची जागा बघायला गेला. नदी गुडघाभर. गाई चरत चरत पलीकडे जात होत्या. दोन्ही काठांना दूरवर नुसती दलदल आणि लव्हाळे. पूल बांधायला तिथे कधी कुणाला गरज पडली नसती, आणि बांधला असता तरी त्याचे खांब उभे राहिले नसते. रोखायला पूलच नव्हता, तर रोखणारा कुठून येणार? वेनेदिक्तला फार वाईट वाटलं. तो बराच वेळ काठावर बसून राहिला. पण खोटं लिहायचं, हे काही त्याच्याच्याने होणार नव्हतं.

"नाव गाळायचं?" पलटणीचा कर्नल ओर्दिन्त्सेव म्हणाला. "ऐन शताब्दीला? राहू द्या ना हो, वेनेदिक्त ल्वोविच. एक नाव राहिलं तर तुमचं काय जातं?"

"माझं सगळं जातं. एक खोटी ओळ शिरली की बाकीच्या तिन्ही पुस्तकांवर कोण विश्वास ठेवील?"

"आणि या पोरांनी कशावर ठेवायचा?"

"खरोखर मेले त्यांच्यावर. आपल्याकडे ते काही कमी नाहीत."

कर्नल म्हणाला, "ठीक आहे. पण पोरांना तुम्हीच सांगा. मला जमणार नाही."

समारंभाच्या सकाळी उजाडल्यापासून बर्फ पडत होतं. मंडपात ग्लाफिरा फरची शाल लपेटून कर्नलशेजारी बसली होती. मैदानावर कंपनी उभी राहिली. टोप्यांवर, खांद्यांवर, जमिनीवर पांढरा थर चढत होता. रांगेतल्या मोकळ्या जागेत मात्र बुटाएवढे दोन काळे डाग उघडे राहिले होते. वाऱ्याने झालं असेल, असं वेनेदिक्तने मनाशी ठरवलं. पण भटारखान्याचा धूर सरळ वर चढत होता.

त्याने पोरांना चार शब्दांत सांगितलं. लाप्तेव नावाचा कुणी नव्हता, आजपासून जागा सोडायची नाही.

"रांग जुळवा!" सार्जंट खोमुतोव ओरडला.

पोरं सरकली. जागा तशीच राहिली.

"अरे सरक की, बहिरा झालास का?"

"जागा नाही, साहेब," पान्तेलेय नावाचा आडदांड शिपाई हळूच म्हणाला.

"नाही कशी? एक माणूस मावेल एवढी दिसतेय की."

"दिसतेय खरी."

वेनेदिक्त जवळ गेला. पान्तेलेयच्या डगल्याची बाही, कुणी खांदा टेकवावा तशी, चपटी दबलेली होती. ओल्या लोकरीचा आणि जुन्या दारूगोळ्याचा वास येत होता. वेनेदिक्त एक पाऊल मागे सरला. मग त्याला स्वतःचाच राग आला. तिसाव्या वर्षी तोफांसमोर उभा राहिलेला माणूस तो. आता मोकळ्या जागेला भिणार?

"बाजूला व्हा. मी बघतो."

त्या दोन काळ्या डागांवर पाय ठेवून तो रांगेत उभा राहिला.

काहीच झालं नाही.

"काय रे? मावलो की नाही?"

पान्तेलेय नाकासमोर बघत राहिला. सार्जंटने दुसऱ्या नावापासून हजेरी सुरू केली. एकेक जण "हजर" म्हणत गेला. वेनेदिक्त हसला. जिंकलो, असं त्याला वाटलं.

कूच करण्याचा हुकूम आला. तो मागे सरकायला गेला.

पाऊल पुढे पडलं. सगळ्यांच्या बरोबर, एका ठेक्यात.

गुडघा दुखत नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. पान्तेलेयने मान वळवली नाही.

मंडप जवळ आला. हात लांब केला तर शालीला लागेल इतक्या जवळून तो चालला होता.

"ग्लाशा!"

ग्लाफिरा त्याच्याकडेच बघत होती. नाही, त्याच्या पलीकडचं काहीतरी बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"बघा ना, कर्नलसाहेब," ती म्हणाली. "ह्यांनी एवढं सांगूनही पोरांनी जागा कशी राखलीय. अगदी सरळ. ह्यांनी बघायला हवं होतं. गेले कुठे हे?"

पलटणीचे पाद्रीबाबा तिच्या बाजूच्या खुर्चीत टेकायला लागले, तेव्हा तिने पटकन हातमोजे त्या खुर्चीवर ठेवले.

"इथे नको, बाबा," ती म्हणाली. "ही जागा आमच्या ह्यांची आहे."