आधी जेवलेली आई

"नाय जेवणार मी! ते तिकडं कोठडीत उपाशी असतील, अन् मी भाकरी खाऊ?"

पुंडलिकनगरच्या त्या दोन खोल्यांत भरदुपारी मोनिकाचा आवाज चिरकला आणि तिच्या आईची, चतुराबाईची, तव्यावरची भाकरी करपली. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी लावतो म्हणून सर्जेरावानं पोरीला नेलं, दोन वर्षं परगावी कोंडून ठेवलं, परक्या माणसांच्या हवाली केलं... आठवड्यापूर्वी पोलिसांनी त्याला धरलं, पोरीला सोडवून आणलं. उद्या कोर्टात जबाब, आणि ही म्हणे सांगणार, 'मी माझ्या मर्जीनं गेले!'

पण मोनिकाच्या जिवाची तगमग कुणाला कळणार! मारून झाल्यावर हळद तोच लावायचा, "तुला माझ्याबिगर कोण हाय गं?" म्हणत डोक्यावरून हातही तोच फिरवायचा. त्या बंद खोलीत दुसरं माणूसच नव्हतं... मग त्याच हाताला तिनं माया मानलं आणि त्याच्या आधी जेवायचं नाही, हा नेम धरला!

"त्यानं विकलं गं तुला!" चतुराबाईनं हंबरडा फोडला.

"तरी 'जेवलीस का' विचारायचे! तुमी दोघं मी आल्यापासून एकच विचारता, शेजारीण काय म्हणल!"

"हा असला नेम शिकवला कुणी तुला?"

"तू!" मोनिकानं आईकडं बोट केलं. "अण्णांनी उलथन्यानं मारलं, त्या दिवशीबी तू त्यांच्यासाठी उपाशी बसलीस. म्हणालीस, ह्यालाच संसार म्हणतेत..."

चतुराबाईचे डोळे भरून वाहू लागले. मग तिनं ताट ओढलं, भाकरी मोडली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या आधी घास तोंडात घातला!

तेवढ्यात मोनिकाचे अण्णा, कारभारी, ड्युटीवरून दारात. "आँ? मला सोडून जेवायलीस?"

"व्हय. तुमचं तुमी वाढून घ्या. करपलेली बी हाय, ती बी खा."

कारभाऱ्याची नजर पोरीच्या तोंडाकडं गेली... आणि तो मान खाली घालून ताट शोधू लागला.

"माझंच चुकलं, बाई," चतुराबाईनं दुसरा घास लेकीपुढं धरला. "मार खाऊन वाट बघायला मीच शिकवलं तुला."

मोनिकानं तो घास घेतला. चावता चावता हुंदका फुटला.

"आई... उद्या त्यांना बघून मला रडू आलं तर?"

"रड की. पण खरं सांगत सांगत रड."