गंड्याची गाठ

नलिनीने डाव्या मनगटावर बोटं टेकली... थरथर लागेना! काल संध्याकाळी होती ना? होती, क्षीण का होईना, होती! मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत चहाचं आधण उकळत होतं, नवरा जयवंत कामावर निघायच्या घाईत होता, आणि ही मोरीच्या कट्ट्याला टेकून पुन्हा पुन्हा मनगट चाचपत होती.

किडन्या निकामी झाल्यावर दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिथे धमनीला शीर जोडून फिस्टुला केला होता; तिथली थरथर म्हणजे रक्त वाहत असल्याची खूण. शीर फुगली की तिच्यातच सुया टोचून डायलिसिस करायचं, तोवर मांडीतल्या नळीवर दिवस काढायचे. पण नळीने दोनदा सणसणून ताप आणला, उजव्या हाताच्या शिरा सलाइनने कधीच संपलेल्या, आणि रबरी चेंडू दाबून दाबून बोटं दुखली तरी ही मेली शीर फुगायला तयार नव्हती!

पण पंधरा दिवसांपासून नलिनीला आणखी एक भीती पोखरत होती. कोपराच्या वर, ब्लाउजच्या लांब बाहीखाली, काळ्या दोऱ्याचा गंडा करकचून बांधलेला होता. हाताला काही आवळायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पण तो गंडा सासूबाईंनी, वनमालाबाईंनी, कोकणातल्या गावाहून मंतरून आणला होता. पोटातच गेलेल्या बाळाचा दोष सुनेच्या माथी मारून वर्षभर अवाक्षर न बोललेल्या त्या बाईने तिला जवळ बसवून स्वतःच्या हाताने गाठ मारली होती! त्या एका स्पर्शासाठी आसुसलेल्या जिवाने ती गाठ कशी सोडावी? वेडी गं, वेडी!

दुपारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाही वर सारली आणि त्यांचा आवाजच चढला.

"हे कुणी बांधलं?"

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. नलिनीने मान खाली घातली.

"मीच... माझीच अक्कल गहाण पडली, डॉक्टर."

"अहो, शिरेत रक्त गोठायला लागलंय! आत्ताच उघडावं लागेल. शीर वाचली तर वाचली..." म्हणत त्यांनी कात्रीने दोरा कापला.

"खोटा सांगता ती!" वनमालाबाई किंचाळल्या. "गंडो मीया बांधललो! माझ्या पोरीचो जीव मीच घेतलंय, डॉक्टरांनू!"

पोरीचो... नलिनीला हुंदका आवरेना. "आई, तुम्ही माझ्यासाठीच बांधलात ना? मला तेवढं पुरे होतं..."

"गप! गंडो व्हयो कित्याक? तू जितीजागती व्हयी माका!"

ऑपरेशनच्या टेबलावर भूल फक्त हातालाच होती, त्यामुळे नलिनीला सगळं ऐकू येत होतं. मध्येच डॉक्टर म्हणाले, "हा शिरेचा बाजूचा फाटा रक्त पळवतोय, म्हणून ती फुगत नव्हती. तोही बांधून टाकू." शेवटी टाके घालून म्हणाले, "आता आठवडाभर वाट बघायची."

तेव्हापासून रोज सकाळी वनमालाबाई देव्हाऱ्याशी जाण्याआधी सुनेच्या हाताला कान लावून रक्ताची घरघर ऐकू येते का ते बघू लागल्या. बोटांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. आठव्या दिवशी त्या कान लावून बसल्या त्या बसल्याच...

"आई... काय? बोला ना!"

त्यांनी तोंड वर केलं नाही. नलिनीचा तळवा मात्र त्यांच्या आसवांनी ओला होऊ लागला.

"आसा गो... जोरान वाजता!" त्या म्हणाल्या, आणि तशाच कान टेकवून जयवंतला हाक मारली, "रे, देवाक दिवो आज तू लाव. माका हयसून उठूचा नाय!"